दचकलेला झ

आमच्या घरात माझ्या अक्षराला मान आहे, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. (मी बऱ्याच गोष्टी समजत असतो. त्यातल्या निम्म्या बायको दुरुस्त करते, उरलेल्या सासूबाई.)

त्या मानाचं कारण म्हणजे वाढदिवसाचं पत्र. बायकोच्या वाढदिवसाला मी तिला दरवर्षी स्वतःच्या हाताने पानभर पत्र लिहितो. 'वस्तू काय, कोणीही आणतं, पत्राला माणूस लागतो,' असं लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवशी मी मोठ्या ऐटीत बोलून गेलो. खरं म्हणजे वस्तू आणायचं विसरलो होतो. पण तिला ते इतकं आवडलं, की पत्र कायमचं गळ्यात पडलं. ही सगळी पत्रं ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, आणि तो डबा कपाटात अगदी आत. माझ्या पदवीचं प्रमाणपत्रसुद्धा त्या कपाटात इतकं आत नाही.

यंदा पंचाईत अशी झाली, की हातच चालेना. मी पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून. पूर्वी आम्ही दिवसभर लिहायचो, आता दिवसभर कीबोर्ड बडवतो. पेन हातात येतं ते सहीपुरतं, आणि माझ्या सहीत अक्षर असं काही नसतंच. सराव म्हणून 'प्रिय' लिहायला घेतलं, तर 'प्रि'पाशीच बोटं आखडली.

ही व्यथा मी शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "मग अक्षराचा फॉन्ट करून घ्या की!"

"म्हणजे काय करायचं?"

"चौकटींचा कागद मिळतो. एकेका चौकटीत एकेक अक्षर काढायचं. कागद स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचा. मग तुम्ही टाइप करायचं आणि उमटणार ते तुमचं अक्षर."

"हाताने लिहिल्यासारखं?"

"तुमच्याच हाताने!"

अहो, अंगावर काटा आला! त्या दिवशी मी पाण्याच्या बिलांत कोणाचं काय टाकलं, मला आठवत नाही. (त्या लोकांना मात्र आठवतं. ते येतात अधूनमधून.)

रविवारी बायको बाजारात गेली आणि मी कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. श्वास रोखून, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर असं काढत होतो, की शाळेतल्या मास्तरांनी पाहिलं असतं तर मला ओळखलं नसतं. अ झाला, आ झाला. क तर असा उतरला, की मी उठून लांबून पाहून आलो. च, छ, ज झाले. झ अर्ध्यावर आला आणि बेल वाजली.

आमच्या सासूबाई बेल वाजवत नाहीत, बेलवर बोट ठेवतात. दार उघडेपर्यंत ते बोट उचलत नाहीत. माझा हात असा दचकला, की झची शेपटी चौकटीबाहेर उसळली. मी दार उघडलं.

"झोपला होता?" सासूबाई.

"नाही हो. लिहीत होतो."

त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "मुळाक्षरं गिरवताय?"

"तसंच काहीसं. हिला सांगू नका मात्र."

"मी कशाला सांगू? मलाच लाज वाटते," असं म्हणून त्या पाणी प्यायला आत गेल्या.

आता खरं तर नवा कागद घ्यायला हवा होता. पण परत अपासून सुरुवात कोण करणार? एका झने काय बिघडतं, असं म्हणून मी ज्ञपर्यंत गेलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो कागद चढवला.

आणि फॉन्ट आला! मी आधी माझं नाव टाइप केलं. पडद्यावर माझं अक्षर! मग टाइप केलं, 'थकबाकी त्वरित भरावी.' तेही माझ्या अक्षरात! मी हसत सुटलो. टायपिस्टबाईंना हात धरून आणलं, साहेबांना बोलावलं, शिपायाला बोलावलं. साहेब म्हणाले, "वा! हे वाचता येतंय की!" हे वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत पत्र टाइप केलं. एकच गोष्ट जरा खटकली. बायकोला लिहिलेल्या पत्रात झ किती असतात, याची मला कल्पनाच नव्हती. तुझं हसणं, माझी सोबत, तुझी साथ, माझं भाग्य! दर ओळीत झ, आणि दर झ दचकलेला. पण त्यामुळे ते जास्तच हाताने लिहिल्यासारखं दिसत होतं. जाड कागदावर निळ्या रंगात छापलं आणि वाढदिवसाला सकाळी चहाच्या कपाखाली ठेवून दिलं.

बायकोने ते वाचलं. परत वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"यंदा किती मन लावून लिहिलंत हो! अक्षर अगदी मोत्यासारखं!"

मी म्हणालो, "तुझ्यासाठी एवढंही करायचं नाही का?"

इथे गप्प बसलो असतो तर सगळं गोड झालं असतं. पण आनंद पोटात मावत नव्हता. लिफ्टमध्ये इमारतीचे सेक्रेटरी भेटले. सातव्या मजल्यापर्यंत जाताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला द्या की तो फॉन्ट. माझ्या नोटिसा कोणी वाचत नाही." माझ्या अक्षराला कोणी मागणी घालायची ही पहिलीच वेळ. मी घरी न जाता त्यांच्याच घरी गेलो आणि फॉन्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून आलो.

पुढच्या रविवारी बायको कचरा टाकायला खाली गेली आणि येताना लिफ्टमधली नोटीस काढून घेऊन आली.

'टाकीचे झाकण उघडे ठेवू नये. पिण्याचे पाणी झाडांना घालू नये. – सेक्रेटरी.'

"ही कोणी लिहिली?"

"सेक्रेटरींनी. खाली आहे ना तसं."

"अक्षर तुमचं आहे."

"असतं एकेकाचं सारखं," मी पेपरात तोंड घालून म्हणालो.

ती आत गेली, डबा घेऊन आली, आणि वाढदिवसाचं पत्र नोटिशीशेजारी ठेवलं. "हा 'तुझं हसणं'मधला झ. आणि हा 'झाकण'मधला. माझ्या हसण्यावर आणि टाकीच्या झाकणावर तुमचा हात एकाच जागी घसरतो?"

"अगं, योगायोग..."

"हा 'माझी'. हा 'तुझी'. सगळे एकाच बाजूला उसळलेत. एवढं दचकायला झालं तरी काय होतं?"

"तुझी आई आली होती," मी म्हणालो. (तोंडातून गेल्यावर कळलं, की याहून वाईट उत्तर नव्हतं.)

तिने बोट ओलं केलं आणि पत्रावरून फिरवलं. शाई जागची हलली नाही.

"छापील!" ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट बसला. "मी रडले हो यावर. पाणीपट्टीच्या बिलासारखं छापलेल्या कागदावर रडले."

मग तिने ते पत्र डब्यात परत ठेवलं नाही. बाल्कनीत रद्दीच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवलं. मला फार लागलं ते. भांडली असती तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत आमच्याकडे एवढी एकच गोष्ट होती, जी मी न चुकता, न सांगता करत होतो, आणि ती मी स्वतःच्या हाताने रद्दीत घातली होती.

मी उठलो. घरात चालणारं पेन सापडेना. एक सुकलेलं, एक गळणारं, एक नुसतं टोपण. शेवटी गळणारं घेतलं आणि बसलो. बोटं आखडली, झटकली, परत लिहिलं. मनगट दुखलं, दुसऱ्या हाताने धरून लिहिलं. जेवायला हाक आली नाही, आणि आली असती तरी गेलो नसतो. पानभर झालं तेव्हा नाकालासुद्धा शाई लागली होती.

बायकोने कागद घेतला. आधी बोट ओलं केलं. एका कोपऱ्यावरून फिरवलं. बोट निळं झालं! ती हसली. अहो, मला नोकरी लागली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

"हे खरं आहे," ती म्हणाली. मग कागद जवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला.

"काय लिहिलंय?"

"म्हणजे? दरवर्षी वाचतेस की!"

"दरवर्षी बघते. वर 'प्रिय' कळतं. खाली तुमची सही असते. मधलं मी मनाने भरून घेते."

"आणि यंदा डोळ्यांत पाणी आलं ते?"

"सबंध पत्र पहिल्यांदाच वाचता आलं म्हणून!"

मी खुर्चीत बसलो. (तशी खुर्ची जरा बाजूला होती.)

बायको मात्र आता खुशीत होती. रद्दीतलं पत्र झटकून परत आणलं, दोन्ही कागद डब्यावर ठेवले. "हाताचं हे डब्यात राहील. पण यात काय लिहिलंय, ते तुमच्या त्या चांगल्या अक्षरात छापून द्या बघू."

मी कॉम्प्युटर उघडला, कागद शेजारी ठेवला आणि टाइप करू लागलो. पहिली ओळ लागली. दुसरी अंदाजाने लागली. तिसऱ्या ओळीवर अडलो. कागद आडवा केला, उलटा केला. नुकतंच मीच लिहिलेलं, पण एक शब्द लागेना!

"अगं," मी हळूच विचारलं, "ही तिसरी ओळ काय असेल?"

"तिसरी?" ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "तिथे दरवर्षी आईबद्दल काहीतरी चांगलं असतं, असं मी धरून चालते."

मी निमूटपणे टाइप केलं, 'तुझी आई'. पडद्यावर अक्षरं उमटली आणि त्यातला झ जो दचकला!

"हां," बायको वाकून म्हणाली, "हे मात्र अगदी हाताने लिहिल्यासारखं वाटतंय."