दुसरं भुयार

एका जंगलात, बाळांनो, फळांपेक्षा खेळ जास्त खपत. त्यांतला सगळ्यांत लाडका खेळ म्हणजे 'भुयार', भागाबाई साळूने केलेला. मातीची पाटी, पाटीत कोरलेली भुयारं आणि आत गुंजेचा एक दाणा. पाटी हलवत हलवत दाणा बाहेर काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. माकडांच्या दोन पिढ्या त्यात वाया गेल्या.

ओढ्याकाठच्या दरडीत भागाबाई आणि तिचे दहा उंदीर या पाट्या करत. एक दिवस तिथे दौलतराव गवा आले. सात जंगलांत खेळ पोचवायचा त्यांचा धंदा. त्यांनी दरडीसकट सगळा कारखानाच विकत घेतला.

"तुमच्या कामात मी शिंग खुपसणार नाही," ते म्हणाले. "आणि होळीच्या आत दुसरं भुयार तयार केलंत, तर दरड तुमची तुम्हाला परत."

भागाबाईने करारावर पंजा उमटवला.

महिन्याभरात शिंग आलंच.

"भुयारात हरणं घाला. आपल्या गिऱ्हाइकांत हरणं फार."

"भुयारात हरीण मावत नाही, दौलतराव."

"मग भुयार रुंद करा."

"रुंद केलं तर दाणा आपोआप बाहेर पडेल."

"उत्तम. सगळेच जिंकतील."

भागाबाईने मान डोलावली आणि आपल्याला हवं तेच केलं. होळीला पंधरा दिवस असताना पाटी तयार झाली. दौलतरावांनी ती उलटी धरून पाहिली.

"कच्ची आहे," ते म्हणाले. "पावसाळ्यानंतर बघू."

दुसऱ्या दिवशी दरडीच्या तोंडाशी एक कोल्हा बसलेला. "बाई, तुम्हाला विश्रांती दिली आहे," तो म्हणाला. आत उंदीर खाली माना घालून माती मळत होते. एकानेही वर पाहिलं नाही. भागाबाईला हाकलल्याचं दुःख नव्हतं, त्या माना बघवेनात.

ती पंचायतीत गेली. तिच्या बाजूने साक्षीला कोणी आलं नाही, उंदीरसुद्धा नाहीत. दौलतरावांच्या बाजूने कोल्हा आला. आठ दिवस तोच त्यांच्या सांगण्यावरून पाटीतल्या चुका शोधत होता.

"कोल्होबा," सरपंच कासवआजोबांनी विचारलं, "पाटी कच्ची आहे का?"

कोल्हा खाली बघून हातातली पाटी हलवत होता.

"कोल्होबा, तुम्हाला विचारतोय."

"थांबा ना आजोबा. एकच वळण राहिलंय. आठ दिवस घरी गेलो नाही मी."

दौलतराव जोरात खाकरले.

"साहेब, धक्का लावू नका," कोल्हा म्हणाला.

निकाल तिथेच लागला. भागाबाईला दरड परत मिळाली आणि होळीच्या दिवशी दुसरं भुयार सातही जंगलांत पोचलं. प्रत्येक पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'दौलतराव गवा यांच्या कल्पनेतून.'

भागाबाईने ते वाचलं, पाटी खाली ठेवली आणि दहाही उंदरांना पुरणपोळी वाढली. जराशी लहान.

तात्पर्य: शेवटी विजय सत्याचाच होतो, फक्त समोरच्याच्या साक्षीदाराला आपल्या मालाचा नाद लागलेला असावा.