चांदण्यांची राखण

कमांडरला कुणी फुकट काही देऊ केलं, की तो आधी एक पाऊल मागे सरकत असे. हे नाव त्याला ऑनलाइन गेममुळे पडलं होतं, आणि आयुष्यभर गेम खेळून त्याची एक खात्री झाली होती: पेटी चकाकत असेल तर आत सापळा असतो. निवडणुकीतली आश्वासनं, दुकानातली सूट, सासऱ्यांनी केलेली स्तुती, सगळ्यांना हाच नियम.

तो वॉशिंग मशीनच्या तक्रारी घेणाऱ्या ऑफिसात होता. एक दिवस तिथे भिंतीवर मोठा पडदा लागला आणि साहेबांनी जाहीर केलं, की यापुढे मिटवलेल्या प्रत्येक तक्रारीला एक चांदणी मिळेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमांडरने डोळे बारीक केले.

"पगारवाढीचं कुणी विचारू नये म्हणून हातात दिलेला खुळखुळा आहे हा," तो शेजारच्या टेबलावरच्या ताईंना म्हणाला. "याचं पितळ उघडं पाडतो की नाही बघा."

"पाड बाबा. पण आधी जेवून घे."

दुपारीच त्याला फट सापडली. मिटवलेली तक्रार पुन्हा उघडता येत होती, आणि पुन्हा मिटवली की पुन्हा चांदणी. त्याने एका आजींची तक्रार निवडली. त्यांचं मशीन कपडे पिळताना स्वयंपाकघरभर फिरायचं. कमांडरने ती मिटवली, उघडली, मिटवली, उघडली. संध्याकाळी पडद्यावर त्याचं नाव सगळ्यांत वर! काडीचं काम न करता माणूस पहिला येतो हे आठवडाभर दाखवायचं आणि मग साहेबांसमोर खेळ उधळून लावायचा, असा बेत.

पण हळूहळू तो चहाला गेला की बोलणी थांबू लागली.

"काय झालंय?" त्याने ताईंना गाठलं.

"पितळ उघडं पाडणार होतास ना? आता रोज पहिला येतोस. साहेबांनी कशावर फोडलं तुला?"

"अहो ताई, हा डाव आहे."

"फुटलेले सगळे असंच सांगतात."

आठवडा संपायच्या आत आजी स्वतःच ऑफिसात आल्या. पर्स छातीशी घट्ट धरलेली.

"माझं मशीन कोण दुरुस्त करतंय?"

सगळ्यांची बोटं कमांडरकडे वळली.

"तक्रार मिटल्याचं अभिनंदन म्हणून मला सारखे मेसेज येताहेत," आजी म्हणाल्या. "मशीन मात्र अजून फिरतंय. म्हणजे मी नसताना घरात कुणीतरी शिरतं आणि काही न करता जातं. मी कुलूप बदललं, तरी मेसेज चालूच. किल्ली फक्त जावयाकडे. त्याला नाही नाही ते बोलले. आता लेकही फोन उचलत नाही."

गेममध्ये असं फसलं की मागच्या टप्प्यावर परत जाता येतं. इथे कमांडरच्या मागे फक्त कपाट होतं. आजींचे डोळे भरलेले पाहून त्याने सगळ्यांदेखत, साहेबांदेखत, सगळं ओकून टाकलं.

साहेबांनी ताबडतोब आजींबरोबर मेकॅनिक धाडला. जावयाला फोन करून कमांडरने माफी मागितली आणि बराच वेळ निमूटपणे ऐकून घेतलं. मग साहेबांनी त्याला आत बोलावलं. नोकरी गेली, असं समजूनच तो उभा राहिला.

"फट तुलाच सापडली, दुसऱ्या कुणाला नाही," साहेब म्हणाले. "उद्यापासून चांदण्यांवर नजर तू ठेवायची."

"साहेब, मला तर हा खेळच बंद पाडायचा होता."

"वेगळी खोली मिळेल."

कमांडरने विचारलं, "खिडकी आहे?"

"चोराच्या हाती किल्ल्या," बाहेर ताई म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात त्याने ताई वापरत असलेली एक फट पकडली, बुजवली आणि त्यांच्या सगळ्या चांदण्या काढून घेतल्या.

त्या संध्याकाळी तो घरी नुसताच बसून राहिला.

"आज गेम नाही?" बायकोने विचारलं.

"डोकं उठलंय. ऑफिसात एकाही माणसावर विश्वास ठेवायची सोय राहिलेली नाही."

"आणि त्यांचा तुझ्यावर?"

कमांडरने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"तुला कोण काय म्हणालं?"