सखाहरी आण्णांची शिफ्ट

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. बेलापुरात सखाहरी आण्णांचा विषय निघाला की लोक कानशिलापाशी बोट फिरवून हसतात. मी त्यांच्यात बसलेला असलो तर चहा सांगतो आणि विषय बदलतो. आता माझेही फार दिवस राहिलेले नाहीत, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आण्णा माझे भिंतीला भिंत शेजारी. ते कोंबडीची अंडी घरात उबवत, तीही कोंबडीशिवाय. थर्माकोलचा खोका, त्यात एक बल्ब, पाण्याची वाटी आणि तापमापक. जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला, त्यामुळे खोक्याला ते बॉयलरच म्हणत आणि त्याच्यापाशी बसण्याला शिफ्ट. लग्नाचं बोलावणं आलं की "शिफ्ट हाय." सख्खा साडू वारला तेव्हा "शिफ्ट सुटली की येतो." साडूचं वर्षश्राद्ध झालं, शिफ्ट काही सुटली नाही.

त्या खोलीत चप्पल चालत नसे, मोठ्यानं बोलणं चालत नसे. एकदा मी शिंकलो. "भाऊसाहेब, पोरं झोपल्यात आत." मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. गावानं नोकरीत माझं बरंच काही अडवलं, पण शिंक अडवली ती आण्णांनीच.

प्रत्येक अंड्यावर एका बाजूला कोळशानं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. कोंबडी चोचीनं अंडी उलटीपालटी करते, तसं ते दिवसातून काही वेळा फुली खाली, गोल वर करत. मग मोबाईलच्या बॅटरीचा उजेड अंड्याला लावायचा. लाल शिरांचं जाळं दिसलं की दबक्या आवाजात म्हणायचे, "आत कोनीतरी हाय." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की एस.टी. स्टँडवरच्या संडासाचं बंद दार बघूनही ते त्याच मायेनं तेच म्हणत.

वेड लागलं त्या दिवसाचा मी साक्षीदार आहे. त्यांची बायको कौसाबाई गेली तेव्हा तिनं अंड्यांवर बसवलेली कोंबडी रवणीला होती. रडायला आलेल्या बायकांच्या गर्दीनं ती बिथरून उठली, अंगणात आली आणि कुत्र्यानं नेली. पाटीतली अंडी उघडी पडली. आण्णा मयतापाशी बसायचं सोडून अंडी धोतराच्या सोग्यात घेऊन चुलीजवळ बसले. "बायको आंगनात आन् हा आंडी शेकतोय," बायका म्हणाल्या. त्या अंड्यांतून पिल्लं निघाली. नंतर तो खोका क्वचितच रिकामा राहिला.

आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. माझ्या घरी इन्व्हर्टर होता, म्हणून भिंतीवरून एक वायर मी त्यांच्या खोक्यापर्यंत नेऊन दिली; बल्ब मग तिच्यावरच चाले. आण्णा त्या वायरला जाता-येता हात लावून नमस्कार करत. मला तेव्हा फार मोठेपणा वाटे.

मग एकदा आण्णा गॅसवर दूध ठेवून विसरले. पातेलं जळालं, घर धुरानं भरलं. कोणीतरी चाकणला त्यांच्या मुलाला, दिलीपला, फोन केला. तो रजा टाकून आला.

"आण्णा, घराला कुलूप लावू. माझ्याकडं चला."

"मी न्हाई येत."

"तुम्ही विसरता आता. उद्या पेटून घ्याल."

"इसरनाऱ्याला आंडी उबवता येत्यात व्हय?" आण्णांनी खोका दाखवला. त्यात नुकतीच अंडी भरली होती. "ही निघाली तर मी हितंच मरनार. न्हाई निघाली तर तू म्हनशील तिथं येतो. भाऊसाहेब साक्षीला."

मी हसत मान डोलावली.

अंडी निघायला थोडेच दिवस उरले असताना कोल्हारला माझ्या भाच्याचं लग्न होतं. कडाक्याची थंडी. आण्णांना मीच आग्रह केला. "एक दिवस बॉयलर तुमच्याशिवाय चालेल. जेवून लगेच फिरू." खूप आढेवेढे घेऊन ते तयार झाले. अंडी फिरवली, वाटी भरली, खोक्यावर गोधडी टाकली आणि आत तोंड घालून म्हणाले, "आलोच."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. तरुणपणी माझी सरकारी खोली शॉर्टसर्किटनं जळाली होती. तेव्हापासून घर सोडताना मी मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करतो. हात आपोआप गेला. कुलूप लावलं आणि निघालो.

परतायला दिवस मावळला. टेम्पोत आण्णा तीनदा म्हणाले, "उशीर झाला, भाऊसाहेब." घरात शिरून मी स्विच वर केला, आणि हात तिथंच राहिला. भिंतीपलीकडून आवाज आला.

"भाऊसाहेब, लाईट गेल्ती का?"

"नाही हो."

"खोका गार लागतोय."

"थंडी किती पडलीय, आण्णा."

तेव्हा बोललो असतो तर अंडी वाचली नसती. पण आण्णा वाचले असते.

पुढचे दिवस ते बॅटरी लावून बघत. "आत कोनीतरी हाय," असं माझ्याकडे बघून म्हणत, विचारल्यासारखं. दिवस उलटून गेल्यावर दिलीप आला तेव्हा एकही अंडं फुटलेलं नव्हतं. त्यानं एक अंडं फोडलं. आत पिल्लू होतं, पिसांसकट, डोळे मिटलेलं.

आण्णांनी दुसऱ्या अंड्यावरची फुली बोटानं चाचपली. मग म्हणाले, "फिरवायचीच राह्यली आसतील. कदी इसरलो ते ध्यानात न्हाई."

दिलीप माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही रोज बघता. विसरतात ना हे?"

मी म्हणालो, "वय झालंय आता."

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लागलं. जाताना त्यांनी वायर सोडवून, गुंडाळून माझ्या हातात दिली.

एकदाच चाकणला गेलो. प्रवासभर एक वाक्य पाठ करत होतो. सूनबाईंनी दार उघडलं आणि हळूच सांगितलं, की ते टोपलीतले बटाटे दिवसभर फिरवत बसतात, बरोबर वेळेवर. आण्णांनी मला लगेच ओळखलं. माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"भाऊसाहेब, तुमची येवडी लाईट फुकट घालवली मी. माफ करा. डोकंच ऱ्हायलं न्हाई बगा."

मी म्हणालो, "असू द्या, आण्णा."

चहा घेतला आणि उठलो. उन्हाळ्यात ते गेल्याचा फोन आला. पाठ केलेलं वाक्य अजून तसंच आहे: आण्णा, त्या दिवशी मेन स्विच मी बंद केला होता. तुम्ही काहीच विसरला नव्हतात. मला माफ करा.