तात्यांचा फॉरेन फ्लेक्स

शेषराव तात्यांच्या म्हशीला रेडकू झालं, तेव्हाही केजच्या चौकात फ्लेक्स लागला होता. मधोमध म्हशीचा फोटो आणि त्याहून मोठा तात्यांचा. माझं दुकानच फ्लेक्स छापायचं, त्यामुळे हसू दाबून कामाला लागणं हा माझा धंदा.

वैष्णवीच्या फ्लेक्सला मात्र हसू आवरेना. तात्यांची ही एकुलती लेक बारावी झाली आणि वर्षभरासाठी जर्मनीला निघाली. तिथं एका घरी राहायचं, त्यांची पोरं सांभाळायची आणि भाषा शिकायची. तात्यांनी मजकूर सांगितला, "गॅप इयरसाठी परदेशी रवाना. हार्दिक शुभेच्छा!" मागं मी घाईत पॅरिसचा मनोरा टाकला. ही जर्मनी नव्हे, हे मीच सांगितलं, तर म्हणाले, "फॉरेन ते फॉरेन. छाप बे."

स्वतः तात्या संभाजीनगरच्या पुढं कधी गेलेले नाहीत. तरी टपरीवर बसून परदेशाचे फायदे असे सांगायचे, जणू कालच विमानातून उतरलेत. "कापसाच्या दोन झाडांत अंतर सोडतोस न्हवं? कावून? वाढावं म्हनून. मग साळंच्या अन् पुढच्या मधी पोरीला बी जागा सोडावी लागतीय." कुणी शंका काढली की, "तुला काय कळतंय बे, दुनिया लई मोठी हाय!" आणि विषय बंद.

फक्त तेलगावच्या मेहुण्यासमोर तात्यांचं गाडं अडायचं. मेहुण्यानं निकालाआधीच वैष्णवीसाठी एका बागायतदाराचं स्थळ आणलं होतं. "पोरंच सांभाळायची तर जर्मनी कशाला? लगीन करून हितं बी सांभाळली असती की," असं तो चारचौघांत म्हणाला. तात्या नुसते कसनुसे हसले. मेहुण्याला तोंडावर नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही.

पुढं तात्यांना लेकीच्या सत्काराची हुक्की आली. सत्कारमूर्ती जर्मनीत, म्हणून व्हिडिओ कॉल लावून मोबाईल खुर्चीत उशीला टेकवला. खुर्चीला शाल पांघरली, समोर नारळ ठेवला आणि टाळ्यांच्या कडकडाटात तात्यांनी मोबाईललाच झेंडूचा हार घातला.

वैष्णवीची आई, आमच्या काकू, किंचाळल्या, "आवं, काढा तो हार! जित्या लेकीच्या फोटूला हार घालतेत व्हय?"

पलीकडून वैष्णवी पोट धरधरून हसत होती.

परवा तात्या दुकानात आले. वर्ष संपत आलं होतं. मी म्हटलं, "या तात्या. स्वागताचा फ्लेक्स ना?"

"न्हाई. मुक्काम वाढला म्हनून छाप."

"पोरीनं ठरवलं?"

"ती तर यायचं म्हनतीय. मीच म्हनलो, ऱ्हा, तिथंच पुढचं शिक." तात्या स्टुलावर बसले. "मेहुण्यानं त्येच स्थळ धरून ठिवलंय. पोरगी दारात आली की माझ्यानं न्हाई म्हनवनार न्हाई. लांब हाय तवर जमतंय."

वर्षभर ज्याला मी मिरवणं समजत होतो, ती या माणसाची धडपड होती. फार वाईट वाटलं.

"तिच्याबिगर घास उतरत न्हाई बे," ते हळूच म्हणाले.

"मग तसं सांगा की तिला."

"येडा हायस का? सांगितलं तर उद्याच यील ती."