वर्तुळाबाहेरचे सर

"वर्ग म्हणजे एक कुटुंब! त्यात कुणीही परका नाही!"

नव्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत अशी गर्जना केली, तेव्हा श्रोते दोनच होते. नकाशांचं कपाट आणि एक बंद पडलेला पंखा.

सर बदलून आले त्याला महिना होत आला होता. बाकीच्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या, त्यांच्या कोंडाळ्यात शिरायचं कसं? म्हणून सर कपाटाकडे तोंड करून डबा खात. घरी बोलायला कुकरची शिट्टी तेवढी. शेवटी त्यांनी बेत आखला. चौथीची मुलं, आईबाप, शिक्षक, मुख्याध्यापिका, सगळ्यांनी शनिवारी वर्गात एका वर्तुळात बसायचं! मागची रांग नाही, कोपरा नाही!

"छान कल्पना आहे हो!" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "सगळे मदत करतील."

आणि सगळ्यांनी खरंच मदत केली, तिथेच घात झाला. पीटीच्या सरांनी मैदानावरचा चुना आणून जमिनीवर वर्तुळ आखलं. आईबाप आले ते आज्या, मामा, मावश्यांसकट. वर्तुळ फुगत फुगत चारी भिंतींना टेकलं. मुख्याध्यापिकाबाईंना खुर्ची उरली नाही. सरांनी लगबगीने आपली दिली आणि स्वतःसाठी दुसरी आणायला धावले.

खुर्ची डोक्यावर घेऊन परततात तो दार बंद! ते उघडायचं आतल्या बाजूला, आणि आत त्यालाच पाठ लावून एका मुलीचे आजोबा ऐसपैस बसलेले.

सरांनी दार वाजवलं. आत गाणं चाललं होतं. संगीताच्या बाईंना वाटलं, कुणीतरी ठेका धरलाय. त्यांनी लय वाढवली!

तेवढ्यात दुपारच्या पाळीचे शिपाईमामा आले. त्यांनी सरांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"ओ, उशिरा आलेल्या पालकांनी बाहेर थांबायचं. कुणाचे बाबा तुम्ही?"

"कुणाचाच नाही."

"मग काका?"

"नाही हो! मी वर्गशिक्षक आहे!"

"सगळे असंच सांगतात," मामा म्हणाले आणि स्टूल ओढून पहाऱ्याला बसले.

आत हशा पिकला. "एकाच जिन्यावर राहतो आम्ही, पण बोलतोय आज पहिल्यांदा!" कुणाचे तरी बाबा म्हणत होते. "आमची घरी सारखं 'आमचे सर, आमचे सर' करते," एक आई म्हणाली. सरांनी दाराला कान लावला. खुर्ची डोक्यावरच राहिली.

"आता हे सगळं ज्यांनी जुळवून आणलं, ते सर दोन शब्द बोलतील!" मुख्याध्यापिकाबाईंनी जाहीर केलं.

टाळ्या झाल्या. मग खुर्च्यांची कुरकुर.

"आले नाहीत वाटतं," पीटीचे सर म्हणाले. "माणूस जरा एकलकोंडाच आहे."

सर तीरासारखे व्हरांड्यातल्या खिडकीशी गेले. "सर खिडकीत आहेत!" एक मुलगी ओरडली. अख्खं वर्तुळ वळलं. गजांपलीकडे चार लाकडी पाय वर केलेले सर! आपलेपणावरचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं. आठवडाभर कपाटाला ऐकवलेलं. त्यांनी घसा खाकरला. सगळे कान टवकारून बसले.

"आजोबा," सर म्हणाले, "जरा पुढे सरकता का?"