माणसं किती, ते आधी सांग

जिना किती रुंद ठेवायचा, असं साधं नानांना विचारून बघा. उत्तर मिळणार नाही. "आधी सांग, चढणारं कोन शे?" असं उलट तुम्हालाच विचारतील. डोक्याला ताप नुसता!

जळगावच्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात हा दोंडाईच्याकडचा म्हातारा माझ्या शेजारी बसायचा. पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकला आणि मग कुणाचं ऐकेना. आम्ही आपले रेघा मारून मोकळे व्हायचो. नाना आधी मापांना नावं द्यायचे, मग एक माप दुसऱ्याला बांधायचे. ओटा बाईच्या उंचीवर, पायरी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गुडघ्यावर. "एक आकडा फिरव, बठ्ठं घर हालस!" सगळं घर हलतं म्हणे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी आधी. साहेब कपाळाला हात लावायचे.

स्वतःच्या प्लॉटवरचं घर तर त्यांनी चार वर्षं नुसतं स्क्रीनवर हलवलं. सगळ्याच्या मुळाशी एकच आकडा: 'माणसं'. सहा टाकला की स्वयंपाकघर ऐसपैस, दारं रुंद, उन्हाळ्यात झोपायला धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, सहा बाजा मावतील एवढी जागा. सहा म्हणजे नाना, त्यांची बायको अक्का, पुण्याचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. अक्का म्हणायच्या, "यांचं घर रोज वाढतं, वीट काही लागत नाही."

मग अक्काच गेल्या. नानांनी पाच केले. दिवस-कार्य आटोपल्यावर मुलगा म्हणाला, आम्ही पुण्यात फ्लॅट घेतलाय, आता इकडे राहायला येणं होणार नाही. बापाला 'तुम्ही तरी या' म्हणायला काय जात होतं? त्याची गचांडी धरावीशी वाटली मला.

मिस्त्री पाया आखायला नकाशा मागत होता. नानांनी माझ्यासमोर 'माणसं'पुढे एक टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: किमान दोन.

"ही अट कुणी घातली, नाना?"

"मीच. एकट्या माणसाचं कधी घर असतं का रे?"

मी म्हटलं, अट काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम. त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच दोन टाकला.

"दुसरं कोण, नाना?"

"तू. रविवारी येत जाशील ना? भरीत करू."

"येईन की," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, खोटं कशाला सांगू.

घर होऊन दीड वर्ष झालं. दर शनिवारी नानांचा फोन येतो, वांगी आणलीत म्हणून. मी कधी पाहुणे आलेत म्हणतो, कधी गाडी पंक्चर आहे. पुण्याच्या त्या पोराला मी चारचौघांत शिव्या घालतो. त्याने निदान खरं काय ते एकदाच सांगून टाकलं. माझं घर नानांच्या दारापासून पायी दहा मिनिटांवर आहे.