मचाणावरची तोंडी परीक्षा

शुभांगीची एम.ए.ची तोंडी परीक्षा मोबाइलवर होती आणि रेंज फक्त वावरातल्या राखणीच्या मचाणावर मिळायची. कोरोनाने अमरावतीचं वसतिगृह बंद झाल्यापासून ती मंगरूळपीरजवळच्या या मळ्यातच होती. प्रकल्पाचा विषय होता, ‘महामारीतील विद्यार्थ्यांचा ताण’. साठ मुलांचा ताण मोजता मोजता तिची स्वतःची झोप उडाली होती. पण घरात कुणाला पत्ता लागला नाही, असं तिला वाटत होतं.

तिचे वडील रंगराव रेंज पाहायला मोबाइल घेऊन आधी वर चढले. मागून शुभांगी चढू लागली, तोच शिडी मधोमध मोडली. ती वांग्यांच्या झाडांत जाऊन बसली आणि वर फोन वाजला.

"बाबा, मॅडम असतीन. हिरवं बटन दाबा."

रंगरावांनी दाबलं. "नमस्कार मॅडम. पोरगी शिडीवरून पडली, लागलं काही नाही. तुमी इचारा, मी तिले सांगतो."

मॅडमच्या यादीत अजून वीस जण होते. त्यांनी वेळ न घालवता विचारलं, "ताणाची कारणं?"

शुभांगी खालून ओरडली, "सामाजिक संपर्काचा अभाव आणि भविष्याची अनिश्चितता."

रंगराव जरा घुटमळले. "म्हनते, सोबतच्या पोरी भेटत नाहीत, अन् पुढं काय होईन ते समजत नाही."

"लक्षणं?"

"निद्रानाश, क्षुधामांद्य."

"झोपत नाही अन् जेवत नाही," रंगराव म्हणाले. "हे तिनं सांगाची गरज नाही मॅडम, मी पाहूनच राह्यलो. अर्धी भाकर गाईले चारते."

शुभांगीने मान खाली घातली.

"उपाय?"

तेच प्रकरण तिने सगळ्यात जास्त घोकलं होतं, पण एक शब्द आठवेना. रंगरावांनी फोन तोंडाजवळ धरला.

"तिले सुचून नाही राह्यलं. मलेबी नाही सुचत. ती अभ्यासाले बसली का मी जवळच निंदत राह्यतो. तिथं आता गवताची काडी नाही, तरी निंदतो."

फोन शांत झाला. रेंज गेली समजून रंगरावांनी तो हलवून पाहिला. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "झाली परीक्षा. तिला म्हणावं, पोटभर जेव."

शेजारच्या किशनने दुसरी शिडी आणली, तेव्हा रंगराव अपराध्यासारखे उतरले. "बाई, मले तुये मोठे शब्द नाही आले. मार्क कटतीन काय?"

शुभांगीने नुसतं त्यांच्या सदऱ्याला लागलेलं वाळकं पान काढलं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. वर्गात सर्वाधिक गुण, आणि खाली शेरा: ‘उत्तरांची भाषा विशेष स्पष्ट.’

त्या आठवड्यात वांगी मोजून देताना रंगराव प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "एम.ए. झालो आमी." पिशव्या भरणाऱ्या शुभांगीने त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही.